पहिल्या नायिकेची उरलेली गोष्ट

महोदय,

‘भारतीय चित्रपटाची पहिली नायिका पुरुष होता’ ही माहिती प्रश्नमंजूषांत आणि चौकटींत हमखास येते. खरीच आहे ती. ‘राजा हरिश्चंद्र’मधली (१९१३) तारामती अण्णा साळुंके यांनी केली. दादासाहेब फाळके यांना ते ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात काम करताना सापडले. पुढे ‘लंकादहन’मध्ये (१९१७) तर राम आणि सीता, दोन्ही त्यांनीच केले! याहून मोठी करामत कोणती?

पण गोष्ट इथेच थांबवली जाते, ते खटकते. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर लगोलग आलेल्या ‘मोहिनी भस्मासूर’मध्ये फाळक्यांना स्त्रिया मिळाल्या होत्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. पडद्यावर बाईने दिसणे बदनामीचे मानले जायचे, त्या काळात या मायलेकी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. अभिनेते चंद्रकांत गोखले हे कमलाबाईंचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू. एवढा जवळचा धागा असूनही आपल्याला साळुंके आठवतात, दुर्गाबाई नाहीत. पुढच्या वेळी चौकट छापताना दोन ओळी जास्त द्याव्यात, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक