चेहऱ्यावरच्या फोडानंतर डोळा सुजला, तर थेट गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) गाठावे

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस यांविषयीच्या सूचना वर्तमानपत्रांत नेमाने येतात आणि त्या वाचून गोव्यातील कितीतरी घरांच्या परसातले पाणी साचलेले डबे पालथे केले जातात. मी ज्या विकाराविषयी लिहीत आहे, तो या आजारांच्या मानाने फारच विरळा आहे. नाकावरचे केसतूड, वरच्या ओठावरचा फोड, वरच्या दाढेच्या मुळाशी धरलेला पू किंवा नाकाशेजारच्या पोकळ्यांमधला जंतुसंसर्ग कवटीच्या तळापर्यंत पोचतो आणि तेथील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होते. वैद्यकात या विकाराला कॅव्हर्नस सायनस थ्रॉम्बोसिस असे म्हणतात. सर्वसाधारण दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना आयुष्यभरात त्याचा एखादाच रुग्ण दिसतो, अनेकांना तोही दिसत नाही. म्हणूनच तो वेळेत ओळखला जाण्याचा बराचसा भार रुग्णावर आणि त्याच्या घरच्यांवर येऊन पडतो.

दोन्ही डोळ्यांच्या मागे, पीयूष ग्रंथीच्या डाव्या-उजव्या अंगांना, शिरांतील रक्त जमा होणाऱ्या दोन लहान पोकळ्या असतात. मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी या पोकळीतूनच वर जाते, आणि डोळा हलवणाऱ्या तसेच कपाळ व गाल यांची संवेदना वाहून नेणाऱ्या नसाही तेथूनच, काही तिच्या आतून तर काही तिच्या भिंतीतून, जातात. चेहऱ्याच्या मध्यभागातील शिरा डोळ्याच्या खोबणीतील शिरांमार्फत या पोकळीशी जोडलेल्या असतात. आपल्या खाजन शेतीत भरतीचे खारे पाणी आत शिरू नये म्हणून बांधाला मानस, म्हणजे पाणी अडवणारे दार, असते. चेहऱ्यावरच्या या शिरांच्या वाटेवर तसा खात्रीचा अडसर नसतो, रक्त दोन्ही दिशांना वाहू शकते, आणि त्यामुळे नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणातला पू दाबला गेला, तर जंतू उलट दिशेने आत जाऊ शकतात. जुन्या जाणत्या बायका नाकावरचा फोड फोडू नये असे बजावत असत, त्या सांगण्याला शरीररचनेचा हा भक्कम आधार आहे.

दोषी जंतू बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा असतो, तोच जो एरवी आपल्या त्वचेवर आणि नाकात निमूटपणे राहतो. प्रतिजैविके येण्यापूर्वी या विकाराचा रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नसे. आज शिरेतून देण्याची प्रभावी औषधे हाताशी असूनही २० ते ३० टक्के रुग्ण दगावतात, आणि वाचलेल्यांपैकी काहींची दृष्टी जाते, काहींना एकाचे दोन दिसू लागतात, तर काहींना अर्धांगाला सामोरे जावे लागते. उपचार किती लवकर सुरू झाले, यावर यातले बरेच काही ठरते.

माझ्या मेव्हण्याच्या बाबतीत हे सारे मी जवळून पाहिले. त्याला मधुमेह आहे. चतुर्थीच्या आधी त्याच्या नाकपुडीच्या आत केसतूड झाले होते. केस उपटून आणि बोटांनी दाबून त्याने पू काढला आणि माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीच्या, तयारीला लागला. काही दिवसांनी डोळ्यामागे ठणका, थंडी वाजून ताप आणि डाव्या पापणीला सूज अशी लक्षणे सुरू झाली. जवळच्या एका दवाखान्यात ‘डोळे आले आहेत’ असे सांगून थेंब देण्यात आले आणि दोन दिवसांनी पुन्हा यायला सांगितले. त्या वेळी डोळे येण्याची साथ होती, त्यामुळे तो निष्कर्ष समजण्यासारखा आहे, परंतु नाकातल्या फोडाविषयी तेथे कोणी एक प्रश्नही विचारला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. खरी गोष्ट माझ्या पत्नीच्या ध्यानात आली. खाटेच्या डाव्या बाजूला ती बसली असताना तिच्याकडे पाहायला तो मान वळवत होता. उजवा डोळा वळत होता, पण डावा डोळा कानाकडे सरकतच नव्हता. डोळ्याचे बुबूळ मध्यावर अडकून राहिले होते आणि पांढरा भाग फुगून पापणीच्या बाहेर डोकावत होता. पहाटेपर्यंत उजवी पापणीही सुजली. बांबोळीला गोमेकॉमध्ये पोचल्यावर मात्र डॉक्टरांनी वेळ दवडला नाही. रक्त तपासणीला गेले, एमआरआय झाला, आणि सलाईनमधून प्रतिजैविके त्याच दिवशी सुरू झाली. तो वाचला. डाव्या बाजूला पाहताना त्याला अजूनही दोन प्रतिमा दिसतात, त्यामुळे त्याने स्कूटर चालवणे सोडले आहे.

डोळे येणे आणि हा विकार यांतील फरक घरच्या माणसालाही कळू शकतो. डोळे आले की लाली, चिपडे आणि चुरचुर असते, पण डोळा पुढे येत नाही, सगळ्या दिशांना हलतो आणि सहसा मोठा तापही नसतो. येथे मात्र तीव्र डोकेदुखी, विशेषतः कपाळात आणि डोळ्याच्या मागे, आणि मोठा ताप यांच्या जोडीला पापणी सुजते, डोळा बाहेर ढकलल्यासारखा दिसतो आणि त्याची हालचाल कमी होते. बाहेरच्या बाजूला डोळा वळवणारी नस पोकळीच्या आतूनच जात असल्यामुळे ती बहुधा सर्वांत आधी बाधित होते. कपाळ किंवा गाल बधिर वाटू शकतो. एका डोळ्यानंतर एक-दोन दिवसांत दुसरा डोळाही सुजू लागला, तर त्यासारखी स्पष्ट खूण दुसरी नाही, मात्र तिची वाट पाहत बसणे म्हणजे हातची वेळ घालवणे होय. चेहऱ्यावरचा फोड, दाढदुखी किंवा सायनसचा त्रास यांच्यानंतर बहुधा पाच ते दहा दिवसांत ही लक्षणे दिसतात, म्हणून फोड बसून गेला असला तरी तो होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

मी फोंड्यात अनेक वर्षे फार्मसीत औषधनिर्माता म्हणून काम केले आहे, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंच्या सवयी मला ठाऊक आहेत. ‘दोनच कॅप्सूल द्या, पुरे’ म्हणणारे गिऱ्हाईक आणि कात्रीने पट्टी कापून देणारा विक्रेता, दोघेही रोजचेच. अशा अर्धवट मात्रेने ताप तेवढा उतरतो, ठणका थोडा ओसरतो आणि आत पू मात्र तसाच राहतो, त्यामुळे निदान आणखी मागे पडते. फोडावर स्टेरॉइड मिसळलेले मलम चोळणे त्याहून वाईट, कारण स्टेरॉइडमुळे लाली कमी दिसते आणि त्या जागेची जंतूंशी झुंजण्याची शक्ती घटते. चेहऱ्यावर फोड झाल्यास तो न दाबता गरम कपड्याने शेकावा, आणि तो वाढत असेल, ताप असेल किंवा मधुमेह असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा, इतकेच मी काउंटरवरून सांगत आलो. हजारो फोडांतील जवळजवळ सर्व आपोआप किंवा साध्या औषधाने बरे होतात. घाबरून जाण्याचे कारण नाही.

गोव्याला या बाबतीत अधिक सावध राहण्याचे मात्र कारण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह पाहणीत गोव्यातील प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. साखर ताब्यात नसलेल्या शरीरात जंतू आणि बुरशी दोन्ही झपाट्याने पसरतात. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने नाकातून डोळ्याकडे आणि पुढे याच पोकळीकडे कशी वाट काढली, ते आपण वाचले आहेच. तिची औषधे वेगळी, वाट मात्र हीच.

आरोग्य संचालनालयाला माझी विनंती आहे की, प्राथमिक आरोग्य केंद्रांत मधुमेहींच्या नोंदीच्या दिवशी या लक्षणांचा एक मराठी-कोंकणी फलक दर्शनी भागात लावावा आणि दंतचिकित्सेच्या खोलीबाहेरही तो असावा, कारण वरच्या दाढेच्या पूकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ताप, सुजलेला डोळा आणि न वळणारे बुबूळ अशी तिन्ही लक्षणे एकत्र दिसल्यास रुग्णाला थेंब देऊन घरी न पाठवता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने थेट बांबोळीला पाठवावे, अशी लेखी सूचना खासगी दवाखान्यांनाही मिळावी. आपल्या दैनिकाने चतुर्थीपूर्वीच्या आठवड्यात गोमेकॉतील नेत्र, नाक-कान-घसा आणि मेंदूविकार विभागांच्या डॉक्टरांकडून या विषयावर एक लेख लिहून घ्यावा, कारण नेमक्या त्याच दिवसांत ‘सण होऊ दे, मग दाखवू’ म्हणून दुखणी अंगावर काढली जातात.

कळावे.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता, फोंडा