पाटीवर आइस्क्रीम, डब्यावर फ्रोझन डेझर्ट

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये कॉलेज रोड असो की पंचवटी, 'आइस्क्रीम' या एकाच पाटीखाली वेगवेगळे पदार्थ विकले जातात. आइस्क्रीममधला स्निग्धांश दुधाचाच लागतो, किमान 10 टक्के. 2.5 ते 10 टक्के असेल तर ते 'मीडियम फॅट', त्याखाली 'लो फॅट'. फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल चालते, बहुधा पामतेल. त्यात बेकायदा काही नाही, पण डब्यावर तसे छापावे लागते. सुटा स्कूप घेणाऱ्याला मात्र तो डबा दिसतच नाही. आणि 'हळू वितळले म्हणजे नकली' ही समजूत सोडून द्यावी. वितळण्याचा वेग स्टॅबिलायझर (मिश्रण घट्ट, एकसंध ठेवणारा पदार्थ) आणि घुसळताना आत शिरलेल्या हवेवरही ठरतो. खरे काय ते लेबलच सांगते.

दुसरा मुद्दा हवेचा. घुसळताना मिश्रण फुगून जवळपास दुप्पट होऊ शकते, म्हणून आइस्क्रीमच्या एका लिटरचे वजन किमान 525 ग्रॅम हवे, असा नियम आहे. अर्ध्या लिटरचा डबा घरच्या काट्यावर ठेवा. रिकाम्या डब्याचे वजन वजा जाता 262 ग्रॅमच्या आत भरला, तर पैसे हवेला गेले. मीडियम आणि लो फॅटला मर्यादा लिटरला 475 ग्रॅम आहे.

कुल्फीत हवा जवळजवळ नसतेच. एक लिटर फुल क्रीम दूध (6 टक्के फॅट) मंद आचेवर निम्मे आटवून 70 ग्रॅम साखर घातली, की फॅट 10 टक्क्यांच्या वर जाते, म्हणजे घरची कुल्फी आइस्क्रीमच्या निकषात बसते. टोन्ड दुधाची कुल्फी पाच टक्क्यांवरच राहते. आटवण्यात घाई केली तर पाणी उरते आणि दाताखाली बर्फाचे खडे येतात. साखर जास्त झाली तर कुल्फी धड गोठतच नाही. मटक्यात तीन भाग बर्फाला एक भाग खडे मीठ हवे. मिठामुळे बर्फ शून्याखालीच वितळतो आणि वितळताना साच्यातली उष्णता ओढून घेतो. मीठ कमी पडले की कुल्फी बाहेरून कडक आणि आत दुधाळ राहते.

जिलाटोत, म्हणजे इटालियन पद्धतीच्या आइस्क्रीममध्ये, फॅट आणि हवा दोन्ही कमी असतात आणि ते आइस्क्रीमइतके थंड वाढत नाहीत, म्हणून चव लगेच कळते. सॉफ्टी उणे 5-6 अंशांवर मशिनमधून येते. मशीन रोज धुतले जाते का, हे तिथे आधी विचारावे.

साठवण उणे 18 अंशांची लागते. वीज गेल्यावर अर्धवट वितळलेला डबा पुन्हा गोठवला की बर्फाचे कण मोठे होतात. झाकणाखाली बर्फाचा जाड थर दिसला किंवा आइस्क्रीम एका बाजूला कलंडून बसलेले असले, तर तो डबा घेऊ नये.

अन्न व औषध प्रशासनाने नाशिकमधल्या प्रत्येक स्कूप काउंटरवर 'फ्रोझन डेझर्ट' हे शब्द मराठीत, किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत लावायला सांगावेत, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक वाचक, नाशिक