ताडोब्याला निघण्याआधी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबांचा आवाज ऐकून फार बरं वाटलं. मोहर्ली गेटच्या दोन सफारी मिळाल्या, रविवारी दुपारची आणि सोमवारी सकाळची, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मंगळवारी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतो हे लक्षात ठेवून तुमच्या मंडळींनी बेत आखला, तेही चांगलं झालं. जाऊ नका असं मी मुळीच म्हणणार नाही. पण फोनवर असं काही सांगायला लागलं की आई विषय बदलते, म्हणून लिहून पाठवतेय. दोघांनी एकत्र बसून वाचा.

आई, आधी तुझ्याशी. गेल्या वर्षी वेरूळला कैलास लेण्याच्या अंगणात तू भिंतीला टेकून उभी होतीस. विचारलं तर म्हणालीस, "काही नाही गं, जरा सावलीत थांबलेय." रात्री कळलं की तुला दोनदा अंधारी आली होती आणि आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून तू बोलली नाहीस. ताडोब्यात मला वाघापेक्षा तुझ्या या गप्प राहण्याची धास्ती जास्त आहे.

मे महिन्यातलं चंद्रपूर म्हणजे आपली सांगली नव्हे. पारा ४५ अंशांच्या वर जातो. उघड्या जिप्सीत अंगावर येणारी झळ भट्टीजवळ उभं राहिल्यासारखी असते. घाम तिथल्या तिथे वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. आणि तू काय करणार तेही मला ठाऊक आहे. वाटेत बाथरूम मिळेल न मिळेल म्हणून सकाळपासून पाण्याला तोंडच लावणार नाहीस. प्रवासात आपण सगळ्या बायका हेच करतो, मीही केलंय. या वेळी नको. गेटवरच जाऊन ये, आत कुठे सोय आहे ते निघतानाच गाइडला विचार, आणि घोट घोट पीत राहा. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. तुझ्या बीपीच्या गोळीने लघवी जास्त होते. त्यात उन्हाने शरीर कोरडं पडलं तर बीपी एकदम उतरू शकतं. गोळी मनाने बंद करायची नाही, पण या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन त्या दोन दिवसांचं नीट विचारून ये.

गरगरलं, मळमळलं, डोकं ठणकायला लागलं, की त्याच क्षणी बाबांना सांगायचं. गाडी परत फिरवावी लागली तर फिरवू दे. गाडीतलं कुणी असंबद्ध बोलायला लागलं आणि अंग चटचट भाजत असलं तर तो उष्माघात. सावलीत न्यायचं, अंगावर पाणी ओतायचं, मानेवर आणि काखेत ओली फडकी ठेवायची, वारा घालायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

बाबा, आता तुम्ही. सोमवारची सफारी उजाडायच्या आत सुरू होईल आणि तुम्ही सवयीने पाचलाच शुगरची गोळी घ्याल. नाश्ता मात्र परत आल्यावर, म्हणजे मध्ये चार-पाच तास पोट रिकामं. हात थरथरले, दरदरून घाम फुटला तर ती शुगर उतरल्याची खूण. म्हणून गोळीची वेळही डॉक्टरांनाच विचारा आणि खडीसाखर शर्टाच्या खिशात ठेवा, बॅगेत नको. मोबाइल कोअरमध्ये नेऊ देत नाहीत, तेव्हा दोघांच्याही खिशात एकेक चिठ्ठी हवी: नाव, आजार, गोळ्या, रक्तगट, माझा नंबर. जिप्सीत मागची सीट घेऊ नका, तिथे दणके फार बसतात. तुमच्या कमरेसाठी ड्रायव्हरच्या लगेच मागची मागून घ्या. मागायला लाजू नका.

गाडीतून पाय खाली टाकायचा नाही. टोपी उडाली, चष्मा पडला, तरी नाही. दोन वर्षांपूर्वी मी गेले होते तेव्हा पुढच्या गाडीतल्या एकाची टोपी पडली आणि तो उतरायला लागला. गाइडने त्याला दंडाला धरून खाली बसवलं. रस्त्याकडेच्या बांबूत काय बसलंय ते आपल्याला दिसत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्याच्याच कोलारा भागात एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. ती व्याघ्रगणनेच्या तयारीसाठी पायी फिरत होती, जंगल तिच्या रोजच्या कामाचं होतं. मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला गेलेली त्या जिल्ह्यातली माणसं अशीच जिवानिशी जातात. वाकून काम करणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही म्हणतात. आपण गाडीत बसून चार तास पाहून येतो, ते लोक रोज त्या झाडीत पायी जातात. गावातून जाताना त्यांचे फोटो काढू नका, एवढं माझं ऐका.

ड्रायव्हरला "जवळ घ्या, जवळ घ्या" म्हणून घाई करू नका. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली होती. पिल्लांसोबतच्या आईला कोंडीत धरणं किती वाईट, ते मी तुम्हाला काय सांगणार. तुमच्या गाडीतलं कुणी ओरडायला लागलं तर बाबा, तुम्ही त्याला गप्प करा. तुमचा मास्तरकीचा आवाज तेवढ्यासाठी वापरा, पण हळू.

मुक्कामाला जेवणानंतरची शतपावली खोलीच्या व्हरांड्यातच. तो भाग बफरचा, म्हणजे गाभ्याभोवतालच्या जंगलाचा आहे, रात्री अस्वल, बिबट्या कुंपणाजवळूनही जातो. आणि कमरेसाठी जमिनीवर झोपायचा हट्ट दोन रात्री सोडा. मण्यार अंथरुणात शिरते, तिचा दंश झोपेत कळतही नाही. पलंगावर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या, सकाळी बूट झटकून घाला. कुणाला साप चावलाच तर आवळून बांधणं, चिरा देणं काही नको. चावलेल्याला हातपाय हलवू न देता, १०८ ला फोन करून सरळ चंद्रपूरचं सरकारी रुग्णालय.

तुमच्या मंडळींनाही हे पत्र वाचून दाखवा, जोशी काकूंना विशेषतः. त्याही आईसारख्याच पाणी न पिणाऱ्या.

सोमवारी गेटबाहेर आल्यावर फोन हातात आला की लगेच मला लावा. आई किती बाटल्या पाणी प्यायली ते आधी सांगा, मग वाघाचं ऐकते.

तुमची,
मनू