थंडीतले स्कॅलप

बॉस्टन, नोव्हेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. न्यू जर्सीला मुलीकडे आल्यावर तू मोठ्या हौसेने स्कॅलप, म्हणजे इथल्या एका शिंपल्यातले पांढरे मांस, आणलेस, मालवणात तिसऱ्यांचे, म्हणजे आपल्याकडच्या शिंपल्यांचे, सुके करतोस तसे ते करायला घेतलेस, आणि कढईत पाणीच पाणी होऊन तुकडे वातड लागले, हे वाचून मनाला रुखरुख लागली. तुझ्या हाताची चव मला ठाऊक आहे, त्यामुळे दोष मालाचाच असणार याविषयी मला शंका नाही. गोठवलेल्या पाकिटातले स्कॅलप पुष्कळदा सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटच्या द्रावणात भिजवलेले असतात. त्याने मांस पाणी धरून ठेवते, वजन वाढते आणि रंग पांढराशुभ्र दिसतो. तवा तापला की ते सगळे पाणी सुटते, आणि ते आटेपर्यंत तुकडे भाजले न जाता नुसते उकडत राहतात. बदामी रंग यायची वाट पाहावी, तोवर आतले मांस आवळून चिवट झालेले असते. म्हणून दुकानात ‘ड्राय’, म्हणजे द्रावणात न भिजवलेले, स्कॅलप आहेत का, असे स्पष्ट विचार. ते किंचित पिवळसर किंवा गुलाबी झाक असलेले आणि हाताला थोडे चिकट लागतात, आणि त्यांच्याखाली दुधाळ पाणी साचलेले नसते.

तू योग्य वेळी आला आहेस, कारण आता बे स्कॅलपचा हंगाम आहे. वर्षभर मिळतात ते खोल समुद्रातले मोठे स्कॅलप. आमच्याकडे ते मुख्यतः न्यू बेडफर्ड बंदरात उतरतात आणि चांगलेच असतात. पण उथळ खाड्यांमध्ये वाढणारा हा लहान बे स्कॅलप निराळाच. नॅन्टकेट बेटावर त्याची व्यापारी मासेमारी १ नोव्हेंबरपासून ३१ मार्चपर्यंत चालते. तुला जवळ पडेल त्या लाँग आयलंडच्या पेकॉनिक खाडीतही हंगाम नोव्हेंबरातच सुरू होतो, मात्र २०१९ पासून तिथे मोठ्या प्रमाणावर मर झाल्याने स्कॅलप मिळेलच अशी खात्री देता येत नाही. हा जीव जेमतेम दोन वर्षे जगतो. शिंपल्यावर वर्षाची वाढ दाखवणारी उठावदार रेषा उमटली असेल तरच तो धरायचा, आणि रेषा नसलेले पिल्लू पाण्यात परत सोडायचे, असा इथला कायदा आहे. रेषा असलेल्याने बहुधा एकदा प्रजनन उरकलेले असते आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत तो टिकणारही नसतो, त्यामुळे तो खाताना मनाला खटकत नाही. त्याची पिल्ले ईलग्रास नावाच्या समुद्री गवताच्या पात्यांना चिकटून वाढतात. १९३० च्या दशकात अटलांटिक किनाऱ्यावर रोग पडून हे गवत नाहीसे झाले, तेव्हा त्यामागोमाग स्कॅलपही गेले होते.

आपल्या तिसऱ्या शिंपले घट्ट मिटून पाण्याबाहेरही तग धरतात, म्हणून त्या बाजारातून जिवंत घरी येतात. स्कॅलपला शिंपला पुरता मिटता येत नाही. तो पाण्याबाहेर लवकर मरतो, म्हणून बहुतेक वेळा सोललेलाच विकला जातो. मी एकदा धक्क्यावर जिवंत बे स्कॅलप जवळून पाहिला. अर्धवट उघडलेल्या शिंपल्याच्या कडेने निळ्या मण्यांसारखे डोळे ओळीने चमकत होते, आणि माझी सावली पडताच शिंपला फटकन मिटला. शिंपले असे उघडझाप करून तो पोहतो. शिंपला फटकन मिटवणारा जाड स्नायू म्हणजेच आपण खातो तो पांढरा तुकडा. त्यातल्या ग्लायकोजेन आणि ग्लायसीनमुळे त्याला गोडी असते.

आता करायची रीत. अर्धा किलो स्कॅलप तीन माणसांना पुरतात. ते फार धुऊ नकोस. वाळू असेल तर गार पाण्यातून एकदा काढ आणि लगेच निथळ. कडेला एखादा चिवट पट्टा चिकटलेला दिसेल, तो बोटांनी ओढून काढून टाक. मग सुती कापडावर पसरून वरूनही कोरडे टिप आणि न झाकता तासभर फ्रीजमध्ये ठेव. सगळ्या कृतीत महत्त्वाचे आहे ते हेच, आणि लोक नेमका इथेच आळस करतात. मीठ अगदी तव्यावर टाकताना लाव, आधी लावलेस तर पुन्हा पाणी सुटेल.

बिडाचा तवा चांगला कडकडीत तापू दे. त्यावर चमचाभर रिफाइंड शेंगदाणा तेल घाल, आणि तेलातून धुराची पहिली रेघ निघाली की स्कॅलप एकमेकांना न चिकटतील असे मांड. गर्दी होत असेल तर दोन घाणे कर. मग त्यांना हात लावू नकोस. चर्र आवाज चालू राहिला पाहिजे. तो मंदावून बुडबुडे दिसू लागले, तर पाणी सुटले आहे असे समज. बे स्कॅलपला एका बाजूने मिनिटभर पुरते. खालची बाजू बदामी झाली की तो आपोआप तव्यापासून सुटतो. उलटून लोण्याचा लहानसा गोळा टाक, तवा हलव आणि अर्ध्या मिनिटात उतरव. मोठ्या स्कॅलपला पहिल्या बाजूने दोन मिनिटे आणि दुसऱ्या बाजूने एक-दीड मिनिट लागते. बोटाने दाबल्यावर तो मऊ, पण किंचित उसळी मारणारा लागावा. साजूक तूप मला इथे नको वाटते, कारण त्याचा सुवास स्कॅलपच्या वासावर बसतो.

वाटण, मालवणी मसाला आणि कोकमाचे आगळ या वेळी बाजूला ठेव, ही माझी कळकळीची विनंती आहे. तिसऱ्यांचा खारट, कणखर रस ओल्या खोबऱ्याला पेलतो, त्याच्याशी झुंजतो आणि त्यातून चव वाढते. स्कॅलपची गोडी फार हळवी आहे. तिखटाखाली ती पार दबून जाते आणि मग इतका महाग जिन्नस घेतला काय अन् न घेतला काय, सारखेच. वरून लिंबाचे चार थेंब आणि जरा मिरपूड एवढेच त्याला मानवते. तव्यात उरलेल्या लोण्यात दोन चमचे पाणी घालून तळाचे खमंग कण सोडवून घे आणि तो रस गरम भातावर ओत. सोलकढी हवीच असेल तर ती जेवण झाल्यावर घे, मध्ये नको.

आणशील त्याच दिवशी कर, फार तर दुसऱ्या दिवशी. दुकानात संशय आला तर तिथूनच मला फोन कर, मी शनिवारी घरीच असतो. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद