एका डाउनरिगरवर दोन रॉड

बडोदा, दांडिया बाजार

प्रिय सुहास,
स. न.

ओंटारिओ सरोवरात चिनूक सॅमन धरायचा तुमचा बेत वाचला. बोटीवर डाउनरिगर (जड गोळा तारेवर सोडून गळाची दोरी खोल नेणारं यंत्र) एकच, म्हणून एकच रॉड लावायचा असं काही नाही. दोन मजेत चालतात. तिसऱ्याच्या भानगडीत मात्र पडू नकोस, तो हावरटपणा आहे.

गोळा बारा पौंडांचा घे. दोन दोऱ्यांना पाण्याची ओढ जास्त बसते, हलका गोळा मागे फेकला जातो, आणि सोडलेली तार मोजणारा काउंटर सत्तर फूट दाखवत असला तरी गोळा त्याहून वरच असतो. वेग ताशी सव्वादोन ते अडीच मैल ठेव.

खालच्या रॉडपासून, म्हणजे ज्याची दोरी जास्त खोल जाणार त्याच्यापासून, सुरुवात कर. स्पून, म्हणजे धातूचं चकाकतं आमिष, मागे तीस फूट सोड, दोरी गोळ्याच्या क्लिपमध्ये (मासा लागला की ती दोरी सोडते) अडकव आणि गोळा पंधरा फूट खाली नेऊन थांबव. आता स्टॅकर घे. त्याच्या आखूड दोरीच्या दोन्ही टोकांना एकेक क्लिप असते: एक डाउनरिगरच्या तारेवर पक्की बसव, दुसरीत वरच्या रॉडची दोरी अडकव. वरचा स्पून मागे फक्त पंधरा फूट. खालच्यापेक्षा हे अंतर कमीच हवं, म्हणजे खालच्या दोरीला लागलेला मासा क्लिप सुटून वर उसळला तरी वरच्या स्पूनच्या मागून जातो. मग गोळा आणखी पंचावन्न फूट सोड. काउंटरवर सत्तर, आणि वरची दोरी साधारण पंचावन्नवर.

गोंधळ होतो तो नेमका या उतरवण्यात. दोन्ही रीलांवर अंगठ्याचा हलका दाब हवा आणि गोळा सावकाश जायला हवा. उत्तरायणात एकाच गच्चीवरून दोन पतंगांना ढील देताना मांजा सैल पडला की काय होतं ते तुला सांगायला नको. खाली पोचल्यावर रॉड होल्डरमध्ये ठेवून दोरी इतकी ताण की टोक चांगलं वाकेल. क्लिप सुटली की ते टोक सरळ होतं आणि ढिली दोरी ओढून घेतं. रॉड आधीच सरळ असला तर मासा गळातून निसटतो.

क्लिपच्या रबरात दोरी जितकी आत, तितकी पकड घट्ट. फार आत गेली तर लहान मासा लागूनही क्लिप सुटत नाही, तो बिचारा मैलभर फरफटत येतो. रॉडचं टोक नुसतं थरथरत राहिलं तर समज. अगदी कडेला ठेवलीस तर लाटेच्या धक्क्यानेच सुटते. वीस पौंडी मोनो लाइनला, म्हणजे एकपदरी नायलॉन दोरीला, मधली जागा बरी पडते. बोट किनाऱ्याला असतानाच दोरी हाताने ओढून अंदाज घे.

वळण मोठंच घे. आखूड वळणात आतल्या बाजूचे स्पून मंदावून खाली बसतात आणि दोऱ्या एकमेकींत अडकतात. वरचा मासा लागला तर खालची दोरी तशीच चालू दे. नंतर स्टॅकर पुन्हा लावायला गोळा वर आणावाच लागतो. तेव्हा खालच्या रीलवर सैल दोरी गुंडाळत राहा. आणि स्टॅकर पुलीपाशी पोचण्याआधी गोळा थांबवून तो हाताने काढ. विसरलास तर मोटर त्याला पुलीत खेचते, मग क्लिप तुटते नाहीतर तार अडकते. हे दोघांपैकी एकाचंच काम ठेवा, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.

खोली कशी ठरवायची? उन्हाळ्यात फिश फाइंडरवर, म्हणजे पाण्याखालचं दाखवणाऱ्या पडद्यावर, थंड आणि कोमट पाण्याच्या सीमेवर धुरकट पट्टा दिसतो. एक स्पून त्याच्या जरा वर, दुसरा जरा खाली. चिनूकला १० ते १३ अंश सेल्सिअस पाणी मानवतं. दोन-तीन मासे एकाच पातळीवर लागले की दुसरी दोरीही तिकडे सरकव, पण मधलं अंतर दहा फुटांखाली आणू नकोस.

मुख्य दोरीवर हुकाने सरकता लटकणारा पाच फुटी जादा स्पून, म्हणजे स्लायडर, स्टॅकरबरोबर आत्ताच लावू नकोस. आणि माणशी किती दोऱ्या, दोरीला किती गळ, हे ओंटारिओच्या चालू वर्षाच्या नियमपुस्तकात बघूनच बोट काढा.

तुझा,
मिलिंद