खड्डा आधी, मशिन नंतर

चि. अमोल यास आईचे अनेक आशीर्वाद.

गोठ्यात 30 गाई आहेत म्हणून मशिनने धारा काढायचं सहा-सहाचं पार्लर, म्हणजे धार काढणारा खड्ड्यात आणि त्याच्या दोन्ही अंगांना सहा-सहा गाई, ते सांगून बसू नकोस. भाकड सोडून धारेला येणाऱ्या गाई मोजायच्या. त्या 24 धर. डेअरीची गाडी यायच्या आत तासाभरात आटपायचं, तर हेरिंगबोनमध्ये, म्हणजे गाई तिरक्या उभ्या करायच्या मांडणीत, दोन्ही अंगांना चार-चार गाई आणि खड्ड्याच्या मधोमध टांगलेले चार क्लस्टर (सडांना लावायच्या चार कपांचे जुडगे) पुरतात. एका बाजूचं दूध निघेस्तोवर दुसऱ्या बाजूच्या गाई आत घ्यायच्या. चार गाईंच्या खेपेला आठ मिनिटं धरली तरी सहा खेपा 48 मिनिटांत होतात. बादलीचं मशिन स्वस्त, पण वाकणं सुटत नाही, आणि गडी टिकत नाही तो त्या वाकण्यापायीच.

खड्डा मात्र सहा-सहाच्या लांबीचाच काढ. क्लस्टर पुढे कधीही वाढवता येतील. कोबा फोडून खड्डा लांबवायचा तर तोवर धारा कुठे काढशील? तिरक्या उभ्या गाईमागे पावणेचार फूट लांबी धर. खोली तीन फुटांच्या आसपास, पण ती धार काढणाऱ्याच्या उंचीवर ठरव. सड त्याच्या कोपराच्या जरा वर यायला हवेत.

मधोमध टांगलेल्या मांडणीत दुधाची नळी बहुधा उंचावरून जाते. दूध वर खेचायचं, म्हणून व्हॅक्यूम, म्हणजे मशिनची ओढ, 46 ते 48 किलोपास्कल लागतो. नळी खाली असेल तर 42-44 वर भागतं. विक्रेता काटा वाढवून 'बघा, दूध कसं झटपट येतं' म्हणेल. भुलू नकोस. जास्त ओढीने सडाचं टोक कडक होतं, त्याला पांढरी कडी येते, पुढे दगडी (कासेची सूज) होते. उलट ओढ कमी पडली की कप घसरतात, फसफस हवा शिरते आणि दूध उलटं सडावर आदळतं. तेही दगडीचंच निमंत्रण. पल्सेटर, म्हणजे ओढ चालू-बंद करणारा भाग, मिनिटाला 60 ठोके देतो का, ते लायनरमध्ये (कपाच्या आतल्या रबरी नळीत) अंगठा घालून मोज. रबरी लायनर 2,500 धारांनंतर बदलायचे, एका गाईचं एका वेळचं दूध म्हणजे एक धार. 24 गाई, दोन वेळा, चार क्लस्टर, म्हणजे एकावर दिवसाला 12 धारा. सात महिनेही भरत नाहीत. मी म्हणेन, सहा महिन्यांनी बदलच.

सड पुसून पहिल्या तीन-चार चिळकांड्या काळ्या कपात काढून गुठळ्या नाहीत ना ते बघ. पुसल्यापासून मिनिट-दीड मिनिटात कप लागला पाहिजे. पान्हा काही मिनिटांत ओसरतो, म्हणून चारही गाई आधी पुसून ठेवायच्या नाहीत. (म्हशी घ्यायचं मनात असेल तर आत्ताच सांग, त्यांचं सड घट्ट, पान्हा उशिरा, सगळं वेगळं बसवावं लागतं.)

धारा संपताच नळ्यांतून कोमट पाणी सोडायचं. एकदम कढत सोडलं तर दूध चिकटून बसतं. मग 70 अंशांचं अल्कलीचं पाणी आठ-दहा मिनिटं फिरवायचं. परत येणारं पाणी 45 च्या खाली गेलं तर धुणं फुकट. आपल्या बोअरच्या पाण्याला क्षार फार, त्यामुळे आठवड्यातून दोनदा आम्ल लागेल. आम्ल आणि क्लोरीन कधी एकत्र करू नकोस, विषारी वायू निघतो.

शेतीच्या फीडरवरची तीन फेज पाळीने येते, पहाटे पाचला असेलच असं नाही. जनरेटरचा खर्च आजच धर.

जेसीबी बोलावण्याआधी जमिनीवर चुन्याच्या फक्कीने खड्डा आणि गाईंची जागा आखून आपली सगळ्यात लांब गाय त्यात तिरकी उभी करून बघ, आणि माप मला कळव.

तुझी,
आई