तारेपलीकडचं हरीण

फोर्ट कॉलिन्स, कोलोराडो
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय गजू,

तुझा अकरा मिनिटांचा मेसेज दोनदा ऐकला. एकदा गाडीत, एकदा रात्री भांडी घासताना. तहसीलदार साहेब बदलून गेले, नवे आले, आणि पांदणीचा, म्हणजे शेतात जायच्या वाटेचा, तुझा अर्ज पुन्हा पहिल्या पायरीवर. तूर काढायची कुठून, आणि काढली तरी न्यायची कशी, डोक्यावर? यावर मी इथून काय बोलणार. पण शेवटी तू जे विचारलंस, "लेका, तिकडं हरीण माराले पैसे भरता म्हणे?", त्याचं उत्तर द्यायला बसलोय.

हो. भरतो. नुसते पैसे नाही, आधी अर्जही भरतो. एप्रिलच्या सुरुवातीला अर्ज, मग लॉटरी. १९९९ पासून कोलोराडोत हरणाचा प्रत्येक परवाना लॉटरीनंच निघतो. नंबर नाही लागला तर एक पॉइंट जमा होतो आणि पुढच्या वर्षी रांगेत जरा पुढे सरकता येतं. माझा नंबर तिसऱ्या वर्षी लागला. शिवाय १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी शिकारीचा कोर्स करावा लागतो. तो मी आमच्या ऑफिसच्या शेजारच्या हॉलमध्ये केला, दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून. सगळ्यात जास्त मार्क एका चष्मेवाल्या पोरीला पडले.

हसू येतं ते याचंच. कारंज्याच्या माळावरून हरणांचे कळप हरभऱ्यात उतरायचे, आणि आपण दोघं मचाणावर बसून जागल करायचो, टिनाचे डबे बडवत. बॅटरीच्या उजेडात ते हिरवे डोळे लुकलुकायचे. बाबा म्हणायचे, "हरणं सरकारची, हरभरा आपला." हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

तर गेलो. शेजारच्या घरात एक आजोबा राहतात, सत्तरी पार केलेले. त्यांनीच मला हा नाद लावला. आमच्या इथून पश्चिमेला क्रेग नावाचं गाव आहे, आणि त्याच्याही पुढे मेबेलच्या बाजूला हा सगळा मोकळा मुलूख. झाड म्हणशील तर औषधाला नाही. गुडघ्याएवढं करड्या-हिरव्या रंगाचं झुडूप, सेजब्रश, क्षितिजापर्यंत. त्याची पानं चुरगाळली की कापूर आणि ओवा यांच्या मधला काहीतरी वास येतो. तो जाकिटातून अजून गेला नाही. बायकोनं जाकीट गॅरेजात टांगायला लावलंय.

इथलं हरीण म्हणजे म्यूल डिअर. खेचरासारखे लांब कान, म्हणून ते नाव. आपल्या काळविटाचं शिंग जन्मभराचं असतं. याची शिंगं सांबरासारखी दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात, फांद्या फुटून. पळताना चारही खुर एकदम उचलून उडतं, स्प्रिंग बसवल्यासारखं. आणि एक खोड आहे त्याला: नजरेआड व्हायच्या आधी एकदा थांबून मागे वळून बघतं. आजोबा म्हणतात, याच खोडीनं त्याच्या कित्येक पिढ्या मारल्या गेल्या. २०२२-२३ च्या हिवाळ्यात या भागात इतका बर्फ पडला आणि त्याची अशी कडक खपली धरली की चारा खालीच दबून राहिला. हरणं उभ्याउभ्या उपाशी मेली. त्यानंतर सरकारनं परवाने बरेच कापले. म्हणून तर मला थांबावं लागलं.

आता खरी गोष्ट. तिथली जमीन नकाशावर बघशील तर गोधडी वाटेल. पिवळे तुकडे केंद्र सरकारचे, म्हणजे सगळ्यांचे. निळे राज्याचे. पांढरे खाजगी. फोनमधल्या नकाशात आपला ठिपका चालत असतो आणि प्रत्येक तुकड्यावर मालकाचं नाव दिसतं. म्हणजे सातबारा खिशात घेऊन फिरायचं. आणि कोलोराडोत खाजगी जमिनीवर परवानगीशिवाय शिकार चालतच नाही, मग तिथं पाटी असो वा नसो. पाटी दिसली नाही, हे कारण कोणी ऐकून घेत नाही.

हरणांना नकाशा पाठ असतो. खोटं नाही सांगत. हंगाम सुरू झाला की मोठे नर पांढऱ्या तुकड्यात जाऊन बसतात. पहिले तीन दिवस आम्ही पिवळ्या बाजूच्या टेकाडावर पोटावर पडून दुर्बिणीतून एकच नर बघत होतो. मान माजानं सुजलेली, कारण नोव्हेंबर म्हणजे त्यांचा माद्यांमागे लागायचा महिना. प्रत्येक शिंगाला चार फाटे, आणि पसारा कानांच्या टोकांबाहेर चांगला वीतभर. तो एका रँचच्या, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या शेताच्या, गवताच्या कुरणात आरामात चरत होता, तारेपासून दीडशे पावलांवर. आपल्याकडे मोठा बागायतदार कसा ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्यांकडे बघतो, तसा आमच्याकडे बघायचा.

त्या तीन दिवसांत पडल्या पडल्या आजोबांनी मला शिडीची केस सांगितली. ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती तुझ्याच केसची मावसबहीण आहे. १८६२ साली इथं रेल्वेसाठी कायदा झाला. रुळाच्या दोन्ही बाजूंची जमीन एक चौरस मैलाच्या चौकोनांत आखली आणि एकाआड एक चौकोन रेल्वे कंपनीला दिला. बुद्धिबळाचा पटच. रेल्वेची पांढरी घरं पुढे रँचवाल्यांनी विकत घेतली, काळी सरकारकडे राहिली. पण काळ्या घरातून काळ्या घरात जायचं तर उंटासारखं तिरपं, कोपऱ्यातूनच जावं लागतं. आणि कोपरा म्हणजे नुसता बिंदू! रँचवाले म्हणाले, बिंदूवरून जाताना तुमचा खांदा आमच्या हवेतून जातो. झालं. लाखो एकर सरकारी जमीन अशी कोंडून पडली. नावावर सगळ्यांची, वाट कोणालाच नाही.

२०२१ मध्ये वायोमिंगमधल्या एल्क माउंटन भागात मिझूरीचे चार शिकारी आले. त्यांनी लोखंडी घडीची शिडी बनवून आणली होती. कोपऱ्याच्या खुंट्यांवर ती उभी करायची, एका काळ्या घरातून चढायचं, दुसऱ्यात उतरायचं. खाजगी मातीला पाय लावायचाच नाही. मालकानं फौजदारी करायला लावली, ज्युरीनं २०२२ मध्ये त्यांना सोडलं. मग दिवाणी दावा, नुकसानीचा आकडा सत्तर लाख डॉलरच्या वर. शिडीनं हवेचं काय नुकसान झालं ते त्यालाच ठाऊक. २०२३ मध्ये खालच्या कोर्टानं शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. मार्च २०२५ मध्ये वरच्या कोर्टानं तो कायम केला, १८८५ च्या एका जुन्या कायद्याचा आधार घेऊन: सरकारी जमिनीकडे जाणारी लोकांची वाट कुंपणानं अडवायची नाही. आणि गेल्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं मालकाचं अपील ऐकायलाच नकार दिला. आमच्या राज्यासकट सहा राज्यांत आता हाच निकाल चालतो. चार वर्षं लागली गजू, आणि तीही शिडी असून. तुझ्या चुलतभावानं पांदणीवर नांगर घातला त्याला किती झाली, पाच?

चौथ्या दिवशी सकाळी नर पिवळ्यात आला. एका मादीच्या मागे, भान हरपून. तारेवरून उडी मारताना मी त्याला पाहिलं. मागचे खुर वरच्या काट्याला अगदी चाटून गेले, आणि मग तो टेकाडाच्या कडेनं माझ्याकडे आडवा. एकशे ऐंशी यार्ड. आजोबा कुजबुजले, "तार मागे आहे, लक्षात ठेव." मला ऐकू आलं, पण डोक्यात शिरलं नाही. मी रायफल पिशवीवर टेकवली, श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

नर वाकला, वळला आणि आला त्याच वाटेनं गेला. उडी मात्र नाही मारता आली त्याला, तारांमधून घुसला.

आम्ही अर्धा तास थांबलो. तसा नियमच आहे, घाई केली की जखमी जनावर आणखी पळतं. मग तारेपाशी गेलो. चार पदरी तार. सगळ्यात खालची गुळगुळीत, बिनकाट्याची, म्हणजे प्राँगहॉर्न नावाची इथली छोटी हरणासारखी जनावरं खालून सरपटून जातात, ती अडकू नयेत म्हणून. दुसऱ्या तारेच्या काट्यावर करड्या केसांचा झुपका होता, मुळाशी रक्त, आणि ते त्या थंडीत आधीच गोठायला लागलं होतं. केस आतून पोकळ असतात त्यांचे, नखानं चिमटला की काडीसारखा मोडतो. आणि पलीकडे साठेक पावलांवर, सेजच्या वर, एक शिंग स्थिर. वाऱ्यानं झुडपं हलत होती, ते हलत नव्हतं.

साठ पावलं. चारही दिशांना पाच मैल माणूस नाही. माझ्या हातात परवाना, जनावर लोकांचं म्हणजे माझंही, मारलं ते सरकारी जमिनीवर. मी एक हात तारेवर ठेवला. आजोबा म्हणाले, "पाऊल टाकू नकोस." जखमी जनावर खाजगी जमिनीत गेलं तर आणायलाही परवानगी लागते. बरं, सोडून निघून जावं तर तोही गुन्हा. म्हणजे जाऊन मागायचं. शिडीचा निकाल इथं उपयोगाचा नव्हता. तो कोपऱ्यावरून पलीकडच्या सरकारी जमिनीत जाण्यापुरता. हा तर सरळ दुसऱ्याचा बांध.

फोनला रेंज नव्हती. अकरा मैल वळसा घालून त्या रँचच्या घरी गेलो. शिकारीचं नारिंगी जाकीट गाडीत काढून ठेवावं की घालूनच जावं यावर मी दोन मैल विचार केला. शेवटी घातलं. एक बाई दाराशी आल्या, साठीच्या असतील, हाताला पीठ, मागे कुत्रं. मी सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या फाटकानं आलात आणि ते जसं होतं तसंच ठेवलंत का?" इथला हा मोठा शिष्टाचार: उघडं फाटक उघडं, लावलेलं लावलेलं. ठेवलं होतं. मग त्या बोलायला लागल्या. गेल्या महिन्यात कोणीतरी फाटक उघडं टाकलं, गाई रस्त्यावर. त्याच्या आधी कोणीतरी परवानगी न घेताच पाण्याच्या टाकीपर्यंत गाडी घातली. हिवाळ्यात एल्कचे, म्हणजे इथल्या मोठ्या सांबरासारख्या हरणांचे, कळप गवताच्या गंज्या फोडतात. आणि मग म्हणाल्या, "मारायची असतात तेव्हा ती तुमची, खायला येतात तेव्हा माझी."

गजू, मी दारातच उभा राहिलो. बाबांचंच वाक्य होतं ते, फक्त पीठ लागलेल्या हातानं म्हटलेलं. मी त्यांना सांगितलं, माझे वडील शेतकरी आहेत, आमच्या हरभऱ्यात हरणं आणि रोही पडतात, आम्ही रात्रभर डबे वाजवतो. त्यांनी विचारलं, "गोळी का नाही घालत?" म्हटलं, १९७२ च्या कायद्यानं हरणाला हात लावता येत नाही. नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो. त्या पहिल्यांदा हसल्या. "आणि मिळते?" मी म्हटलं, माझ्या मित्राला विचारून सांगतो. तर कळव.

एक सांगतो, रँचवाल्यांबद्दलचा राग माझ्या मनात घरी येईपर्यंत पूर्ण गेला असं नाही. १६० एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असलेल्या मालकांना परवान्यांचा वेगळा कोटा असतो, आणि त्यातलं व्हाउचर, म्हणजे परवाना घ्यायची चिठ्ठी, विकताही येतं. लोक त्यासाठी हजारो डॉलर मोजतात. म्हणजे मी तीन वर्षं रांगेत, आणि पैसेवाला सरळ कुरणात. पण ज्या बाईचं गवत खाऊन तो नर एवढा झाला होता, तिला हे दारात उभं राहून ऐकवण्याइतका मी धीट नाही.

त्यांचा मुलगा छोट्या चारचाकी गाडीवरून आमच्यासोबत आला. अट एकच: रायफल तारेच्या बाहेर राहील. पोचलो तेव्हा तीन तास झाले होते. काळे-पांढरे मॅगपाय पक्षी आधीच बसले होते, आणि वरच्या बाजूचा डोळा गेला होता. एवढं मोठं जनावर, तीन दिवस ज्यानं आमच्याकडे जहागीरदारासारखं बघितलं. मी परवान्याचा कागद फाडला, तारीख-सही केली, शिंगाला बांधला. बोटं थंडीनं वळत नव्हती. आतडी काढायचं काम आजोबांनी बोलत बोलत शिकवलं, मी केलं. त्याचं वर्णन तुला नको, आणि आईला तर अजिबात सांगू नकोस.

मांस गॅरेजमधल्या फ्रीजरात आहे, पण खाल्लं नाही अजून. या हरणांत मेंदूचा एक रोग आहे, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. तो पहिल्यांदा लक्षात आला तो याच आमच्या फोर्ट कॉलिन्समध्ये, १९६७ साली, संशोधनासाठी ठेवलेल्या हरणांत. कुकरच्या दहा शिट्ट्या केल्या तरी त्याचं काही बिघडत नाही. माणसाला झाल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही, पण रोगी निघालं तर खाऊ नका म्हणतात. डोकं तपासणीला दिलंय, निकाल यायचाय. बायको दर दोन दिवसांनी विचारते, "तुझ्या पेशंटचा रिपोर्ट आला का?"

त्या बाईंना मी मांस देऊ केलं. नको म्हणाल्या, त्यांचा फ्रीजर भरलेला. पैसे विचारले तर तोंड असं केलं की मी पाकीट परत खिशात घातलं. मग जाताना म्हणाल्या, हिवाळ्यात एल्क तारा तोडतात, मे महिन्यात दुरुस्ती असते, अर्धा दिवस ये. मी हो म्हटलंय. आजोबांनी तार ताणायचा चिमटा आत्ताच काढून दिलाय, गंजलेला, तेल घालायला.

बाबांना एवढंच सांग की पोरगा खुशाल आहे. दुसऱ्याच्या बांधावर तार ओढायला जाणार आहे हे मीच सांगीन, फोनवर, सावकाश. आणि नव्या साहेबांची तारीख लागली की लगेच कळव.

तुझाच,
संज्या